सणांचे आणि धर्मांचे विनोद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्या, मंडळं, ऑफिसं यांच्या सणाच्या कार्यक्रमात जे माइक धरतात, नाटुकली लिहितात किंवा सकाळी उठून ग्रुपवर काहीतरी 'टाकतात', त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. वाशी-नेरुळला एकाच मजल्यावर चार दारांना चार तऱ्हेची तोरणं असतात. चारही दारांत हसू आलं तरच विनोद चालला, असं इथे धरलं आहे.

सणावरचा विनोद चालतो तरी कशावर?

नियम आणि सोय यांच्या ओढाताणीवर. सण म्हटला की नियम आला: काय खायचं, कधी उठायचं, कोणती तिथी पाळायची. नियम आला की पळवाट आली, आणि पळवाट काढताना माणूस पकडला गेला की हसू फुटतं. हे बघा:

'आई, आज जेवायला काय?'
'आज एकादशी, उपास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर ताक.'
'आणि उद्या?'
'उद्या उपास नाही. वरणभातावर भागवा.'

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण हेच सांगते, पण म्हण निकाल देते आणि विनोद तो निकाल ऐकणाऱ्याला स्वतः काढायला लावतो. व्हिक्टर रास्किन या अभ्यासकाने 1985 साली मांडलं की विनोदाचा मजकूर एकाच वेळी दोन परस्परविरोधी चौकटींत बसतो आणि शेवटचा झटका आपल्याला एकीतून दुसरीत ढकलतो. इथे पहिली चौकट 'उपास म्हणजे कमी खाणं', दुसरी 'उपास म्हणजे मेजवानी'. भरताच्या नाट्यशास्त्रातही हास्याचं मूळ 'विकृती'त सांगितलं आहे: वेष, बोलणं, वागणं ठरलेल्या साच्यातून निसटलं की हास्य.

एक जास्तीची फोडणी हवी असेल तर उपासाच्या ताटाकडे नीट पाहा. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावा, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पुराणकाळापासूनचा म्हणून जो उपास आपण मोठ्या अभिमानाने धरतो, त्याची निम्मी सामग्री समुद्रापलीकडून आली आहे. माहिती खरी आहे, कोणाची टिंगल नाही आणि लोक हसतात. सणाच्या विनोदाला याहून चांगला कच्चा माल मिळायचा नाही.

माझा पंच, म्हणजे शेवटचा हसवणारा टोला, फुसका जातो. कारण काय?

दहापैकी सात वेळा कारण व्याकरणात असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द आधी येऊन जातो आणि मागून 'सुरू होते ना', 'असं झालं होतं' अशी शेपटी लोंबत राहते. लोक हसायला लागतात आणि तुम्ही अजून बोलतच असता.

'श्रावणात मी मासे खात नाही.'
'परवा तर कोळंबी चापलीस!'
'ती ऐरोलीला. आमचा श्रावण दिघ्यापर्यंतच. पुढे नवी मुंबई महापालिका.'

शेवटचं वाक्य '...कारण पुढे नवी मुंबई महापालिकेची हद्द सुरू होते ना' असं करून मोठ्याने म्हणून बघा. मेला विनोद. क्रियापद गाळा, 'कारण' गाळा, हसवणारा शब्द शेवटी ठेवा. हा विनोद ठाण्यात आणि ऐरोलीत ऐकताक्षणी कळतो. नाशिकला दिघा म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई यांच्या हद्दीवरचं ठिकाण, हे आधी सांगावं लागेल, आणि सांगितलं की संपलं. गावाबाहेर नेताना तिथली हद्द घाला.

नवा विनोद लिहायचा तर सुरुवात कुठून करू?

सणाचा एक नेमका नियम घ्या, समाज घेऊ नका. 'गणपती' हा विषय फार मोठा आहे. 'आरतीला घंटा कोणाच्या हातात' हा नियमासारखा पाळला जाणारा तपशील आहे. त्या नियमाची अडचण कोणाला होते ते शोधा: पोराला, सुनेला, सेक्रेटरीला, वॉचमनला. तो पळवाट कशी काढतो ते एका वाक्यात लिहा. मग मागून पुढे या, म्हणजे शेवट आधी लिहा आणि त्याला लागेल तेवढीच मांडणी करा.

माइकवर मांडणी दोन-तीन वाक्यांची, पंधरा-वीस सेकंदांची पुरते. शेवटची ओळ सात-आठ शब्दांपलीकडे गेली की काटछाट करा. शेवटाआधी एक श्वास थांबा, आणि हसू ओसरू लागलं, पण पूर्ण विझलं नाही, तेव्हा पुढचं वाक्य सुरू करा. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. डोळ्यांना चाललेली वाक्यं जिभेला अडतात ती तिथेच कळतात.

यादी वापरायची असेल तर दोन सरळ आणि तिसरा वाकडा: 'गणपतीला काय काय लागतं? दूर्वा, जास्वंद आणि जिन्यात चप्पल ठेवण्यावरून भांडण.' चार सरळ गोष्टी ठेवल्या की ऐकणारा किराण्याची यादी समजून मोबाइल काढतो.

सरदारजी, मारवाडी, बावाजी यांचे जुने विनोद सांगितले तर बिघडतं कुठे?

आधी अदलाबदलीची चाचणी करा. विनोदातला सरदारजी काढून दुसरा कोणीही घाला. विनोद तसाच्या तसा चालला, तर तो शिखांबद्दल नव्हताच. 'एक मूर्ख होता' एवढाच त्याचा ऐवज होता आणि पगडी वरून चिकटवली होती. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ख्रिस्टी डेव्हिस यांनी देशोदेशींचे असे विनोद शेजारी ठेवून पाहिले. इंग्लंडमध्ये आयरिश, अमेरिकेत पोलिश, फ्रान्समध्ये बेल्जियन आणि आपल्याकडे सरदारजी: विनोद तेच, नाव वेगळं. कंजूषपणाच्या विनोदांचंही तसंच. तिकडे स्कॉटिश, इकडे मारवाडी किंवा कोकणस्थ.

असा विनोद दुबळा असतो, आणि दुखावतो ते वेगळंच. त्याला त्या समाजाची काडीचीही माहिती लागत नाही. उलट, ज्या विनोदाला माहिती लागते तो बहुधा दुखावत नाही, कारण माहिती काढायची तर जवळ जावं लागतं. लंगरमध्ये 'बस, बस' म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक फुलका कसा पडतो, हा शीख घरांतही हसला जाणारा विषय आहे. बारा वाजल्याचा नाही.

सरदारजींच्या विनोदांवर बंदी घाला अशी मागणी सर्वोच्च न्यायालयातही गेली होती. 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नागरिकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही आखून देऊ शकत नाही. म्हणजे बंदी नाही. पण तुमच्या शेजाऱ्याच्या मुलाला शाळेत 'बारा वाजले का रे' ऐकावं लागतं, त्याचा निवाडा कोर्टात होत नाही.

ते स्वतःवर विनोद करतात, मग आम्ही केला तर का चालत नाही?

वस्तुस्थिती एकच असते, पण बोलणारा बदलला की वाक्याचं काम बदलतं. काही सीकेपी आणि आगरी-कोळी घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य असतो. त्या घरातली काकू म्हणाली, 'आमच्या गौरीला दोनच चौकश्या: माहेरची सगळी खुशाल ना, आणि पापलेट मिळालं ना', तर ती देवीला घरातली माहेरवाशीण करते आहे. हेच पलीकडच्या विंगमधला म्हणाला, 'यांच्या तर देवीलासुद्धा मासे लागतात', तर ती तक्रार झाली. 'आमच्या' जाऊन 'यांच्या' आलं, बाकी सगळं तेच.

बाहेरच्याने बोलायचंच असेल तर स्वतःला त्यात अडकवा. पाहुणा म्हणून गेलेला शाकाहारी माणूस गौरीच्या प्रसादाला हात पुढे करतो आणि ताटात सुरमई येते, हा विनोद त्या पाहुण्याच्या फजितीवर चालतो. घरचेच पहिले हसतील.

जैन खाण्याचंही असंच. 'कांदा नाही, लसूण नाही, मग खाता काय?' हा विनोद नाही, टोमणा आहे आणि तोही शिळा. पण लग्नात जैन काउंटरवर ताजं मिळतं हे कळल्यावर अर्धी वऱ्हाडं 'आज आम्ही जैन' म्हणत रांगेत उभी राहतात, यात हसं होतं ते आपल्या भुकेचं. बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेली पावभाजी खाऊन 'आपल्या भाजीत एवढी चव का नाही?' असं विचारणारा मामाही त्याच रांगेतला.

देवावर विनोद केलेला चालतो का?

मराठीला याची जुनी सवय आहे. तमाशाच्या गवळणीत कृष्ण वाट अडवतो तेव्हा मावशी देवाला काय काय ऐकवते ते आठवा. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात एक बाई उभी केली, जी देवीला नवस बोलते आणि बदल्यात सासरच्या एकेकाचा निकाल लावायला सांगते. हसू येतं ते नवसाच्या सौद्याचं. देवी सगळ्याच्या वर, शाबूत. एकनाथांचा हिंदू आणि तुर्क यांचा संवादही आहे: दोघे एकमेकांच्या आचारांतली विसंगती दाखवत कडाकडा भांडतात आणि शेवटी समजुतीला येतात. दोन्ही बाजूंना सारखेच टोले मिळाले म्हणून ते पेलतं.

आजचं उदाहरण. विसर्जनाला आपण ओरडतो 'पुढच्या वर्षी लवकर या'. 2025 ला गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 ची 14 सप्टेंबरला. 'लवकर या म्हटलं, तर बाप्पा अठरा दिवस उशिरा. येणार कुठून? घोडबंदर रोड!' देव विनोदात आहे, मार मात्र रस्त्याला बसतो. देवाचं नाव असलेला विनोद लिहिल्यावर एकच विचारायचं: हसलो तो कोणाला? उत्तर 'रस्ता', 'आपण', 'नवस बोलणारा' असं आलं तर पुढे जा. मूर्ती, ग्रंथ, पैगंबर किंवा क्रूस असं आलं तर खोडा. इस्लाममध्ये पैगंबरांचं चित्र किंवा सोंग आणणंच अमान्य आहे. तिथे 'प्रेमाने केलं' हा बचाव उपयोगी पडत नाही.

आरतीचे चुकलेले शब्द हा सगळ्यात निर्धोक साठा. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना', 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे'. चूक आपलीच, हसणारेही आपणच. फक्त आरती चालू असताना नको.

ईद, गणपती, नाताळ, पतेती: तारखांच्या गोंधळावर काय करता येतं?

भरपूर, पण हिशेब पक्का हवा. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. हिंदू पंचांग साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून ते सावरतं. म्हणून गणपती एक-दोन वर्षं अकरा-अकरा दिवसांनी लवकर येतात आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस उशिरा येतात. हिजरी वर्षात अधिक मास नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण 33 वर्षांनी मूळ जागी येतो. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कधीही. नाताळ तेवढा 25 डिसेंबरला अढळ. पारशांच्या शहेनशाही वर्षात लीप वर्षच नाही, त्यामुळे त्यांचं नववर्ष सरकत सरकत सध्या ऑगस्टच्या मध्यावर आलं आहे. आणि पतेती म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीचा पश्चात्तापाचा दिवस, तरीही सगळी मुंबई 'पतेती मुबारक' म्हणते. पारशी मंडळी हे हसून सोडून देतात. तुम्ही मात्र नववर्षाच्याच शुभेच्छा द्या.

ईदच्या सुट्टीचा एक नमुना, महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये हमखास चालणारा:

'सर, सुट्टी शुक्रवारी किंवा शनिवारी.'
'सिस्टीममध्ये एकच तारीख टाकता येते.'
'चंद्र दिसला की टाकतो.'
'तसं नाही होत. आधी मॅनेजरचं अप्रूव्हल, मग चंद्र.'

महिना 29 चा की 30 चा हे चंद्रदर्शनावर ठरतं, एवढं ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. टोला एचआरला बसतो, आणि एचआरला टोला बसला की सर्वधर्मीय टाळ्या पडतात.

दिवाळीचा कंदील नाताळपर्यंत तसाच ठेवून 'असू दे, तारा दिसतो' म्हणणारा सेक्रेटरी प्रत्येक सोसायटीत आहे. हा विनोद फार हसवत नाही, पण कार्यक्रमाची सुरुवात करायला बरा.

कोणत्या दिवशी विनोद नकोच?

मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आशुरा. इ.स. 680 मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले, त्याचा शोक शिया पाळतात. 'हॅपी मोहरम' ही चूक दर वर्षी कोणीतरी करतोच. गुड फ्रायडे हाही येशूच्या क्रुसावरच्या मृत्यूचा दिवस; नावातल्या 'गुड'ला फसू नका. 6 डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी चैत्यभूमीच्या गर्दीवर शेरा नको. शीख गुरूंचे शहीदी दिवसही यात धरा. पितृपक्षात कावळ्याचे विनोद चालतात, पण ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं आहे तिथे नाही, हे सांगायची गरज नसावी.

उलट, हसण्यासाठीच ठेवलेले सण आहेत का?

शिमगा. वर्षभर तोंडाला घातलेला लगाम त्या दिवशी सुटतो, नक्कल करायची, सोंगं आणायची, मोठ्यांना नावं ठेवायची परवानगी असते. ठाण्यात याचा जोडीदारही आहे. इथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू समाजाचं शार हशामायिम हे सिनेगॉग 1879 चं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचा पुरीम हा सण फाल्गुनाच्या सुमारास येतो आणि त्याला ते 'होळीचा सण' म्हणत आले. ज्यू परंपरेत पुरीमला मुखवटे, सोंगं, विडंबन हा रिवाजच. एस्तेरची कथा वाचताना दुष्ट हामानचं नाव आलं की एकच गलका करून ते बुडवतात. शिमग्याची बोंब आणि हामानच्या नावाचा गलका, दोन्हींत ओरडायला मिळतं म्हणून पोरं सगळ्यात खूश.

नाटुकलीत दाढी, टोपी, घुंगट लावून पात्र उभं करावं का?

टाळा. कापसाची दाढी रंगमंचावर आली की पहिलं हसू दाढीला मिळतं आणि तुमचं वाक्य वाया जातं. बोलण्याच्या नकलेचंही तेच. पात्राला नाव द्या, व्यवसाय द्या, एक हट्ट द्या. 'फकीरचाचा' उभा करण्यापेक्षा 'पार्किंगच्या रेषेवरून कोणालाही न सोडणारे इनामदारकाका' उभे करा. ते मुसलमान आहेत हे ईदच्या दिवशी शीरखुर्मा वाटताना आपोआप कळेल. मग त्या वाटीसाठी त्यांच्याशी रोज भांडणारे सगळे रेषेत गाडी लावतात, हा तुमचा शेवट.

कायद्याची भीती कितपत बाळगायची?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 299 (पूर्वीचं 295अ) धार्मिक भावना दुखावण्याबद्दल, 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेलं कृत्य लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्यात स्पष्ट केलं आहे. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून झालेली केस 2017 मध्ये याच कसोटीवर रद्द झाली. कलम 196 (पूर्वीचं 153अ) गटागटांत वैर वाढवण्याबद्दल, तेही 3 वर्षांपर्यंत. पण प्रार्थनास्थळी किंवा पूजा चालू असलेल्या जमावात केलं तर 5 वर्षांपर्यंत. आरतीच्या मांडवात माइक धरणाऱ्याने हे शेवटचं लक्षात ठेवावं. कलम 302 समोरच्याला ऐकू जाईल असं मुद्दाम बोलण्याबद्दल, 1 वर्षापर्यंत. जातीवरून अपमान झाला तर 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा.

हेतू नव्हता हे सिद्ध होईपर्यंत पोलीस ठाण्याच्या फेऱ्या होतातच, म्हणून नोटीस आली तर ग्रुपवर खुलासे लिहीत बसू नका, वकील गाठा.

ग्रुपवर दुसऱ्याने टाकलं तर ॲडमिन अडकतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराला, आधीपासून मिलीभगत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही. तरी ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, तो पुसावा. स्वतः टाकलेला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. 'जसा आला तसा पुढे पाठवला' हे स्पष्टीकरण शेजारीही मान्य करत नाहीत.

सांगितला आणि सभागृह गार पडलं. आता?

नुसता पडला असेल तर पुढचा नंबर जाहीर करा. विनोद समजावून सांगू नका. कोणी दुखावलं असेल तर माइकवर एकच वाक्य: 'हे बोलायला नको होतं, माफ करा.' 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शब्द नकोत, कारण त्यात दोष ऐकणाऱ्याच्या भावनेकडे सरकतो. कार्यक्रम संपल्यावर त्या घरी जाऊन भेटा, आणि सोबत सोसायटीचे सात पदाधिकारी नेऊ नका.